खाली उतरणारी खुर्ची

सुज्ञ वाचकहो, लोकांचे नकळत चित्रण करून जगाला हसवणाऱ्या एका कार्यक्रमाच्या कचेरीत घडलेले संभाषण मी येथे अत्यंत जबाबदारीने सादर करीत आहे. बोलणारी माणसे तीन : कार्यक्रमाचा दिग्दर्शक, सह्या घेणारी त्याची सहायिका आणि नोकरीची जाहिरात वाचून मुलाखतीस आलेला एक सुतार. यात मी पदरचा एकही शब्द घातलेला नाही.

दिग्दर्शक : ...पोट दुखेपर्यंत हसलो, मिस्त्री! त्या आरशामागे कॅमेरा आहे. हात हलवा!

सुतार : नमस्कार. म्हणजे मी पास ना?

सहायिका : पास?

सुतार : ताई, खुर्ची वीतभर खाली गेली तेव्हाच ओळखलं. खालच्या फळीला भोकं आहेत, खुर्चीचे पाय आत उतरतात, भिंतीमागून कुणीतरी दोरी सोडतंय. हात सफाईचा आहे त्याचा. म्हटलं, परीक्षा दिसतेय, कुरकुर करणारा माणूस नको असेल यांना.

दिग्दर्शक : हनुवटी टेबलाला टेकलेली, आणि वर म्हणतात, "अनुभव बावीस वर्षांचा!" इथे सही करा. त्याशिवाय दाखवता येत नाही.

सुतार : करतो की. कामावर कधीपासून यायचं?

दिग्दर्शक : तू सांग गं यांना.

सहायिका : काका... काम नाहीये.

सुतार : भरली जागा?

सहायिका : नव्हतीच. माणसं यावीत म्हणून जाहिरात दिली होती.

सुतार : ताई, कारखाना बंद पडून सात महिने झाले. हा शर्टसुद्धा मेव्हण्याचा आहे. तो बाहेर बनियनवर बसलाय. त्याचा नंबर आला की मी काढून द्यायचा, असं ठरलंय आमचं.

दिग्दर्शक : वा! हे कॅमेऱ्याकडे बघून परत एकदा बोला ना!

सुतार : नाही बोलत. आणि उठतही नाही.

दिग्दर्शक : अहो, बाहेर नऊजण खोळंबलेत.

सुतार : म्हणूनच.

दिग्दर्शक : डोक्यात राख घालू नका. कुणाचं वाईट करत नाही आम्ही. माणूस कसा गमतीशीर वागतो, तेवढंच दाखवतो.

सुतार : वागतोच. घरी बसून बघितलं असतं तर मीही हसलो असतो. पण काम नाही हे आधी बाहेर जाऊन सांगा, मग देतो सही.

दिग्दर्शक : मारतील मला!

सुतार : सकाळपासून किती बसले या खुर्चीत?

सहायिका : तुम्ही पाचवे.

सुतार : मधेच उठलं कुणी?

सहायिका : ...नाही.

सुतार : मग मारणारे नाहीत ते, साहेब. मारणारा कधीच उठला असता.

सहायिका : मी सांगून येते.

दिग्दर्शक : खबरदार! बाहेर पाऊल टाकलंस तर उद्यापासून येऊ नकोस.

सहायिका : बरं.

(ती जाते आणि थोड्या वेळाने परत येते.)

सहायिका : सांगितलं.

दिग्दर्शक : चपला काढल्या का कुणी हातात?

सहायिका : नाही. दोघांनी विचारलं, पुन्हा कधी येऊ. काकांच्या मेव्हण्यांनी जाताजाता सगळ्या खुर्च्या भिंतीला नीट लावून ठेवल्या. ते खाली थांबलेत.

सुतार : आणा तो कागद. आणि ताई, न गळणारं पेन द्या. शर्ट परत करायचाय.

येथे संभाषण संपले. आपला बहुमोल वेळ देऊन ते वाचल्याबद्दल समस्त वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
भिंतीमागचा दोरीवाला