चुकलात तुम्ही

मी सुलोचना, माहेर कणकवलीकडचं, लग्न होऊन लालबागला आले ती एका खोलीत, खोलीत आम्ही सात माणसं, मोरी ह्या कोपऱ्यात, देव त्या कोपऱ्यात आणि मधे जेवण, झोप, भांडण सगळं. आमचे हे गिरणीत साचेखात्यात, कापड विणायच्या साच्यांवर. त्या आवाजानं घरात पण ओरडून बोलायचे, मला आधी वाटायचं चिडलेतच. तुम्ही घर बघताय बोललात ना, झाडांबिडांचं, शांत, म्हणून सांगते हं, नायतर ही गोष्ट मी माझ्या सुनेला पण सांगितलेली नाय. लाज वाटते. काय सांगू तुम्हाला, एवढी वर्षं झाली तरी वाटते.

हिराबाय कोळीण, शीव कोळीवाड्याची. रोज सकाळी पाटी घेऊन आमचे तीन जिने चढायची नि खालूनच हाक, सुलू गो, मेले, उठलीस काय? माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, तरी आमचं अगंतुगंच. वाटा घातला की वर दोन बोंबील टाकायची आणि मी अजून एक मागितला की अशी शिवी हासडायची की गॅलरीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तिची शिवी ऐकली नाय तर मला चुकल्यासारखं वाटायचं.

मग संप झाला. सुरुवातीला सगळे जोरात, आज मिटणार, उद्या मिटणार, आणि मग घराघरांतला आवाजच गेला. मासळी कोण घेणार? मी हिराबायला बोलले, उद्यापासून येऊ नको गो, कशाला उगाच जिने चढतेस. ती बोलली, तुझ्यासाठी कोण येतंय, मना पाणी पिवाला बसायचं असतं. आणि रोज यायची, दारात फतकल मारून बसायची, पाणी प्यायची आणि जाताना मांदेली नायतर करंदी माझ्या परातीत ओतून जायची. उरलंय गो, परत नेऊन मांजरांना घालू काय? सकाळी आठ वाजता कोणाचं काय उरतं हो? मला कळत होतं, ह्यांना कळत होतं, ती आली की हे उठून गॅलरीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. माझा सुधीर त्या मासळीवर वाढला. दिलं असं तिनं एकदा पण बोलून दाखवलं नाय.

संपानंतर ह्यांना गिरणीनं परत घेतलं नाय. हे वॉचमन लागले, दादरच्या पूर्वेला, त्या झाडांच्या कॉलनीत. मी दुपारी डबा घेऊन जायचे. अहो, तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतकी मोठी झाडं की भर मे महिन्यात डोक्याला ऊन लागायचं नाय. बाल्कन्यांत कुंड्या, आतून कोणाच्या तरी पेटीचा आवाज. हे गेटवरून बोलायचे, जा आता, किती वेळ उभी राहशील, लोक बघतात. मी बोलायचे, थांबा हो, जरा सावली घेते. तेव्हापासून माझ्या मनात ते घर बसलं, खोटं कशाला सांगू.

सुधीर शिकला, इंजिनिअर झाला. कर्ज काढलं, चाळीतली खोली दिली, आणि त्याच कॉलनीत, पुढच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या बघितल्या, बाल्कनीला लागून बकुळ. मालक म्हातारे, एकटे, मुलाकडे राहायला निघालेले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, आमची वास्तू शाकाहारी आहे, तशाच माणसांना द्यायची आहे. सुधीरनं माझ्याकडे बघितलं. मालवणी माणसं हो आम्ही! आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आम्ही माळकरी. ह्यांचा कप तसाच हातात राहिला. दुसऱ्या दिवशी मी देवळाबाहेरून तुळशीची माळ आणली नि गळ्यात घातली.

घर मिळालं. पण मासळी नाय. अगदीच जीव गेला तर सुके बोंबील भाजायचे, तेही खिडक्या लावून, चार उदबत्त्या पेटवून, आणि हे धुरानं खोकायचे. बिल्डिंगमध्ये बोलताना पण मी जपून, नाय न बोलता नाही, बोलली न बोलता म्हणाली. सुधीर हसायचा. मला काय हसू येत नव्हतं, मी घाबरलेली असायचे.

संक्रांतीनंतर बिल्डिंगच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. सगळ्या नव्या सोफ्यावर बसलेल्या, मी अत्तर लावतेय, आणि खालून हाक आली, सुलू गो! ह्यांना ती बाजारात भेटली होती आणि ह्यांनी अभिमानानं पत्ता दिला होता, मला सांगायचं विसरले. मी दारात गेले तर हिराबाय समोर. नवं लुगडं, नाकात नथ, डोक्यावर पाटी नाय, आणि दोन्ही हातांत केळीच्या पानात गुंडाळलेली पापलेटची जोडी, ओटी भरायला आणावी तशी. माझ्या नव्या घरासाठी आणलेली हो.

मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि बोलले, मावशी, चुकलात तुम्ही. इथं कोणी मासळी घेत नाही.

तुम्ही बोलले मी तिला. हिराबायला!

तिनं माझ्याकडे बघितलं, गळ्यातल्या माळेकडे बघितलं, माझ्या खांद्यावरून आतल्या बायका बघितल्या. एक शिवी दिली असती तर माझं बिंग फुटलं असतं आणि मी सुटले असते. पण ती बोलली, व्हय बाई, चुकलेच मी, बाजूची बिल्डिंग असंल, माफ करा. आणि भिंतीला हात लावत लावत जिना उतरली.

मी आत आले तर वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, अहो, सवाष्ण दारात आली होती, कुंकू तरी लावायचंत. आणि दुसरी म्हणते, पापलेटं होती ना, थांबवायचं नाही का तिला, आमच्याकडे रविवारी लागतात. सगळ्या हसल्या. अर्धी बिल्डिंग मासे खाणारी! सोवळं त्या एका म्हाताऱ्याचं, तो तर कधीच गेला होता. मग मी कोणापायी केलं हो हे?

ह्यांनी आतल्या खोलीतून सगळं ऐकलं. बायका गेल्यावर बाहेर आले आणि बोलले, माळ घातलीस ना, आता पाळायची, ह्या घरात मासळी शिजायची नाय. जन्मभर ओरडून बोललेला माणूस, तेव्हा हळू बोलला. जाईपर्यंत त्यांनी मासळी तोंडात घातली नाय.

ते गेल्यावर मी माळ काढून देवापाशी ठेवली आणि बस पकडून शीव कोळीवाड्याच्या बाजारात गेले. इतकी वर्षं तोंड दाखवायची हिंमत झाली नव्हती. हिराबाय म्हातारी झालेली, पण बसलेली. मला बघून तिचा हात थांबला, म्हणजे ओळखलं. आणि बोलली, या बाई, तुम्हाला काय देऊ? वाटा दिला, चोख, वर काय टाकलं नाय.

आता बाकी सगळं बरं आहे हो. सून चांगली आहे, बाल्कनीत बकुळीची फुलं पडतात, ती मी वेचते. तुम्हाला पण मिळो असं घर, माझा आशीर्वाद आहे. मी दर बुधवारी कोळीवाड्यात जाते आणि ती दर बुधवारी मला तुम्ही बोलते. मागच्या महिन्यात राहवलं नाय, तिथंच चिखलात बसले नि बोलले, हिराबाय, अगो मी सुलू, तुझी सुलू, एकदा मेले बोल ना मला. तिनं बोंबील पेपरात गुंडाळले, हात पुसले. बोलली, होती आमची एक सुलू, लालबागला, तीन जिने वर. नव्या घरात गेली. तिच्या घरवाल्यानं पत्ता दिला होता, पण मी बाई घर चुकले. तुम्हाला कुठं भेटली तर सांगा, हिराबाय याद करते.

सांगते, मी बोलले.