देव तुला वाढवो

१९६१ साली इटलीतल्या फानोच्या मासळीबाजारातल्या रांगेत माझ्यापुढे नवऱ्या मुलाची आई एर्सिलिया आणि मुलीची आई ल्युक्रेत्सिया उभ्या होत्या.

"लग्न मोडलं! तुमचं दिओताल्लेवी म्हणजे 'देव तुला वाढवो'. मठाच्या दारात टाकलेल्या पोरांचं आडनाव हे! लपवलंत, एर्सिलियाबाई?"

"लपवायचं काय त्यात? आमच्या ह्यांच्या पणजोबांना तिथंच मिळालं ते."

"आमचं घराणं सरदारांचं आहे!"

"मग त्यांना टाकणारा तुमच्यातलाच असेल, विहीणबाई. गरिबाला कुठली आलीय अब्रूची एवढी भीती?"

"जिभेला काही हाड?"

"माझ्या लेकाचं नाक बघा की. थेट तुमच्या वडिलांचं!"

"अगंबाई! खरंच की!"

दोघी हसता हसता मासे घ्यायच्याच विसरल्या.

लग्न झालं. नवराबायकोनं बंदरावर खानावळ काढली. एर्सिलिया वयाच्या नव्वदीत वारली. लेकीकडे राहायला आलेली ल्युक्रेत्सिया मात्र शेवटपर्यंत पोस्टमनला ठणकावून सांगायची, "दिओताल्लेवींचं घर हेच!"