जांभळ्याचं पांढरं झालं त्याची कैफियत

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही नक्की केलंत तरी काय?" अहो, केलंत काय म्हणजे? मी काय दरोडा घातला? तुम्हाला सांगतो, त्या टाकीला मी हात लावला नाही. म्हणजे लावला... पण एवढासाच!

टाकी मुलीची. चार फूट लांब, काचेची, बाहेरच्या खोलीत, पूर्वी जिथे माझं पुस्तकांचं कपाट होतं बरोब्बर तिथे. आत खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि ते प्रवाळ. सहा वर्षांपूर्वी नखाएवढा तुकडा आणून तिनं वाढवलेलं. आता चांगलं तळहाताएवढं, फांद्याफांद्यांचं आणि जांभळं... असं जांभळं की आलेला माणूस हातातला चहा प्यायचा विसरायचा. बरं, ते झाड नाही, दगड नाही, जिवंत प्राणी आहे म्हणे. असेना! कन्येला कामासाठी पाच महिने दूर जायचं होतं, तर टाकी मैत्रिणीकडे ठेवते म्हणाली. मी म्हटलं, "का? घरात बाप नाही?" नसती उठाठेव म्हणतात ती हीच! निघताना दारात बॅग खाली ठेवून तिनं बजावलं, "बाबा, रोज एकदा खाणं, आठवड्यातून एकदा पाणी. बाकी कशाला हात लावू नका. दिव्याला तर मुळीच नाही. तो पंचेचाळीसवर आहे, पंचेचाळीसवरच राहू दे."

"अगं, चौतीस वर्षं कचेरीत काढलीत मी!"

"म्हणूनच सांगतेय."

आता मला सांगा, माणसानं बसून बसून बसावं किती? मी एक वही केली. तारीख, तापमान, खारेपणा आणि शेरा. पहिले तीन रकाने भरायला सोपे. पण शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवायचा? जन्मात ठेवला नाही! बसलो टाकी निरखत. तर उजेड मला जरा मंद वाटला. पिवळट, मरगळलेला. लिहिलं, "प्रकाश अपुरा." आणि तुम्हाला सांगतो, शेरा लिहिला की कार्यवाही आली. नुसता शेरा पडून राहिला तर मला जेवण जात नाही. दिव्याला बटण होतं. पंचेचाळीसचा पन्नास केला. एवढासाच! चार दिवसांनी बघतो, पुन्हा मंद. साठ केला. मग सत्तर. मग पंचाऐंशी. दर वेळी एवढासाच, बरं का, मी काही उतावळा माणूस नाही!

आणि मंद काय एकट्या टाकीतच होतं? हल्ली पुस्तकंसुद्धा फिकी छापतात, शाई वाचवतात लेकाचे. घरातले दिवे तर विचारूच नका. मी सगळे बदलले. तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, आता मी काळा चष्मा लावून भाजी चिरू का?" मी दुर्लक्ष केलं. संसाराचा पायाच तो आहे.

आणि एका सकाळी हीच ओरडली, "अहो, हे पांढरं पडलंय!" बघतो तर खरंच. जांभळ्याचं पांढरं. खडूसारखं पांढरं!

मासेवाल्याला बोलावलं. म्हणजे खायचे नव्हे, बघायचे मासे विकतो तो. मुलगी सगळं त्याच्याकडूनच आणते. दारातच त्यानं डोळ्यांवर हात धरला. "काका, इथं ऑपरेशन चाललंय का?" मग टाकीजवळ उकिडवा बसला आणि काचेला नाक लावून फांदी न फांदी तपासली. म्हटलं, "मेलं का?"

"मेलं नाही, उपाशी आहे. काका, याच्या अंगात बारीक बारीक शेवाळ राहतं, भाडेकरू समजा. रंग त्यांचा आणि रोजचा स्वयंपाकही त्यांचाच. उजेड असह्य झाला की मालक भाडेकरूंना बाहेर काढतो. आता घर रिकामं, चूल थंड. तुम्ही दिव्याला हात लावलात?"

"एवढासाच."

त्यानं बटणावरचा आकडा वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं... आमच्या साहेबांनीसुद्धा कधी असं बघितलं नव्हतं! "काका, हा उजेड तुम्हाला मंद वाटला?"

झालं! हिला आयतंच मिळालं. "अहो भाऊ, परवा यांनी जिन्यात टांगलेल्या रेनकोटाला 'कसं काय, बरं आहे ना' म्हणून विचारलं!" अहो, उंची तेवढीच होती शेजाऱ्यांची!

मासेवाल्यानं दिवा चाळीसवर आणला. आठवड्यातून दोनदा चिमूटभर बारीक खाणं, पाणी आहे तसं, आणि सहा-सात आठवडे वाट बघायची. "आणि मी काय करू?" "काही नाही." "तरी पण?" "काका, काहीच नाही. खुर्ची लांब घ्या."

कन्या सात आठवड्यांनी यायची होती. सात! आणि दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल. "बाबा, टाकी दाखवा ना." मी मासे दाखवायचो. मग छत दाखवायचो. मग म्हणायचो, "रेंज नाही गं इथं!" माझ्याच घरात, माझ्याच खोलीत रेंज नाही! सहा वर्षं वाढवलेला जीव तिनं माझ्या भरवशावर ठेवला होता हो... त्याचं हे असं करून ठेवल्याचं सांगायचं कुठल्या तोंडानं?

मग येरझाऱ्या. टाकी ते खिडकी, खिडकी ते टाकी. हिनं बटणावर चिकटपट्टी लावली. पण एका फांदीवर दुसरीची सावली पडतेय असं मला वाटलं, म्हणून मी त्याच्या बुडाचा दगड सरळ केला... एवढासाच... आणि फांदी कट्‌कन तुटली. तेव्हा मात्र हिनं चपला घातल्या, माझ्या चपला माझ्यापुढे ठेवल्या आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

पोरसवदा डॉक्टरीण. "आजोबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय. वर्षभर तुम्हाला सगळं पिवळट, अंधुक दिसत असणार. घरी कुणाला सांगितलं नाहीत?" काय सांगायचं? की मला दिसत नाही? आज दिसत नाही म्हणा, उद्या हात धरून रस्ता ओलांडायला लावतात. त्यापेक्षा छपाई वाईट म्हणणं सोपं, नाही का?

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, पाण्यात हात नाही, तीन आठवडे. पट्टी निघाली आणि घरी येऊन मी टाकीसमोर बसलो, लांब. तुम्हाला सांगतो, चाळीसवरचा तो दिवा लखलखीत होता! आणि मी त्या बिचाऱ्याला पंचाऐंशीच्या भट्टीत ठेवलं होतं... आणि प्रवाळ? तपकिरी! म्हटलं, सडलं! मासेवाल्याला फोन लावला, तर तो हसतोय. "काका, अभिनंदन! भाडेकरू परत आले. आधी ते तपकिरीच दिसतं, रंग मागून येतो. हात लावू नका हं." नाही लावला. शपथेवर, एवढासाही नाही. हातावर बसलो होतो मी, अक्षरशः हातावर!

कन्या यायच्या आदल्या दिवशी टोकांना जांभळं दिसलं. पुसट, पण जांभळं. मी हिला तीनदा बोलावून खात्री करून घेतली.

ती आली. चपला न काढता टाकीसमोर. एका नजरेत तिनं सगळं ताडलं. तपकिरी बुंधा, मोडकी फांदी, चिकटपट्टी. "बाबा, कितीवर नेला होतात?" मी सांगितलं. सगळंच सांगून टाकलं, वहीसुद्धा दाखवली. म्हटलं, आता पोरीनं तोडून बोलावं, मी ऐकून घेईन. तर ती वही मिटून म्हणाली, "प्रवाळ येईल परत. पण वर्षभर तुम्हाला दिसत नव्हतं आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? रस्त्यानं कसे जात होतात?" आणि रडायलाच लागली हो! प्रवाळासाठी नाही... आता यावर बापानं काय बोलावं? मी म्हटलं, "डावीकडून."

आता ती पुन्हा गेलीय, या वेळी वर्षभरासाठी. टाकी माझ्याकडेच ठेवली, पण दिवा तिच्या फोनला जोडून. तिकडून ती ठरवते, इकडे उजेड चढतो, उतरतो. आणि दिवसातून चार वेळा माझा फोन वाजतो. "बाबा, डोळ्यांत थेंब घातले? फिरायला कुणाबरोबर गेलात? डाव्या डोळ्याची तारीख घेतली?" म्हणजे दोघांचीही देखभाल आता तिकडूनच चालते. फरक एवढाच, की प्रवाळाला फोन उचलावा लागत नाही.