पितरांचं पॅकेज

…आणि मी पीत नाही हो! जन्मात थेंब घेतला नाही, तरी माझ्या नावावर दारूचे पैसे! ऐकलंय कुठं असं? तुम्हाला सांगते, त्या बोटीवर काचेमागं एक पोरगी बसलेली, अंबाडा एवढा घट्ट घातलेला की डोळे कानांकडं ओढले गेलेले, ती मला बोलते, "मॅडम, एका केबिनमध्ये एकानं ड्रिंक पॅकेज घेतलं की सगळ्यांना घ्यावं लागतं. रूल आहे." का म्हणून? तर बोलते, नाहीतर एकाच्या पॅकेजवर दुसरा पितो. म्हणजे चोर समजूनच सुरुवात! आमच्या केबिनमध्ये चौघं. मुलगा धनेश, सून करिष्मा, नात हेमाली आणि मी. पिणार एकटा धनेश, पैसे चौघांचे. उद्या बोलाल एकानं दाढी केली म्हणून चौघांनी पैसे द्या! असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं… पण मी एक शब्द बोलले नाही.

कारण शपथ घातलेली ना! दापोड्यातून गाडी निघायच्या आधी धनेशनं मला एकविरा आईची शपथ घातली. "आये, तिथं भाव करायचा न्हाय. तिथं कुणाला काय शिकवायचा न्हाय. तू गप बसायचा." माझ्या पोटचा पोरगा! ज्या गाळ्यांच्या भाड्यावर हा बोटीवर मिरवतो ते गाळे मी उभे केले, शाळेचं तोंड न बघता. गाळ्यात उतरणाऱ्या खोक्यांवरचं वाचून वाचून इंग्रजी अक्षरं शिकले, आकडे तर मला कुणी शिकवलेच नाहीत, ते आपणहून आले. आणि मी गप बसायचं.

पण बसले. हेमालीसाठी बसले. तिचं पडघ्याच्या कुणालशी जमलेलं. कुणालचा बाप राघोशेठ, हायवेला मोठा ढाबा, दोन पेट्रोल पंप. पोरांचं आपसात ठरलेलं, मोठ्यांची सुपारी तेवढी फुटायची होती. हेमाली मला बोललेली, "आजी, हा न्हाय तर कुणीच न्हाय," आणि ती बोलते तशी करते, माझ्यावर गेलीय. आता पाहुण्यांना जेवायला घालायचं तर हॉटेल काय कमी आहेत भिवंडीत? पण धनेश बोलला, "हाटेलात सगलेच नेतात, आपण बोटीवर नेऊ." गोव्याला जाऊन परत यायचं. गोव्यात उतरायचंसुद्धा नाही धड! नुसतं बघून परत!

बरं, धनेश काय साधा आहे? सुनेच्या साड्यांच्या घडीत दोन बाटल्या गुंडाळून आणलेल्या. चढतानाच त्या मशीननं पकडल्या. चिठ्ठी लावून ठेवून घेतल्या, देवळाबाहेर चपला ठेवतात तशा, उतरताना घेऊन जा बोलले. का? तर इथं प्यायची ती इथलीच. आणि इथली केवढ्याला? तेच तर सांगते.

रातच्या जेवणाला बसलो. टेबलावर पांढरी चादर, प्रत्येकापुढं तीन तीन काचेचे ग्लास, खाली दुधाच्या सायीच्या रंगाचा गालिचा. मला पाय ठेवायचीसुद्धा लाज वाटली. समोर राघोशेठ, त्यांची बायको कमळा आणि कुणाल. कमळा गरीब गाय, सगळ्या प्रवासात "हां" आणि "पुरे" एवढेच शब्द बोललेली. एक पोरगा आला, छातीवर 'विशाल' अशी पट्टी, हातावर फडका. त्यानं धनेशच्या हातात एक पुस्तक दिलं. मला वाटलं, पोथी आहे की काय, एवढं जाड! तर ती वाईनची यादी.

आता पॅकेजमध्ये वाईन आहे, बरं का! हवी तेवढी! पण ग्लासवाली. बाटली मागवली की पैसे वेगळे. आणि होणाऱ्या व्याह्यासमोर ग्लासनं वाईन मागवायची म्हणजे लग्नाच्या मांडवात सुटी बिडी मागण्यासारखं. म्हणजे पॅकेजचे पैसे भरलेलेच आणि वर बाटलीचे पण भरायचे. कळला धंदा? मी एक शब्द बोलले नाही.

धनेशनं पहिलं पान उघडलं, सगळ्यात वरची सगळ्यात स्वस्त, आणि ती कुठली? नाशिकची! जमिनीवर सात-आठशेला मिळते ती इथं तीन हजाराच्या वर. समुद्रावर आली म्हणून द्राक्षं फुगली की काय? तरी धनेशचा जीव भांड्यात पडला, बोलला, "चला, आपल्या मातीतलीच घेऊ." तर राघोशेठ मिशीला हात लावून बोलतो, "धनेशशेट, ती तर आमच्या दारावरून जाते. ट्रक पंक्चर झाला की आमची पोरां जी द्राक्षां खातात, तीच ना ती?"

झालं! नाशिक बाद.

मग ऑस्ट्रेलिया. विशालनं बाटली आणून दाखवली. राघोशेठ बोलतो, "हिला तर फिरवायचा झाकण हाय. आमच्या ढाब्यावर सोडा येतो असा." ऑस्ट्रेलिया बाद. मग इटली. राघोशेठ बोलतो, "आमच्या साडूनं प्यायली, दुसऱ्या दिवशी पित्त झाला." साडूच्या पित्तानं इटली बाद! तुम्हाला सांगते, दोघांपैकी एकालाही वाईनमधलं काही कळत नव्हतं, पण दोघंही पानं अशी उलटत होते की जमिनीचे सातबारे बघतायत. शेवटी धनेशनं एका नावावर बोट ठेवलं. बोट ठेवलं, कारण त्याचा उच्चार कुणालाच करता येईना. फ्रान्स. नऊ हजार आठशे. वर टॅक्स. वर सेवेचे. करिष्मानं टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली ती मला बसली. मी एक शब्द बोलले नाही.

बाटली आली. विशालनं बूच असं काढलं की बाळंतपण करतोय. आणि मग काय केलं? धनेशच्या ग्लासात… एवढीशी. एवढीशी हो! डोळ्यात घालायचं औषध असतं तेवढी! आणि ओतून झाल्यावर हात पाठीमागं बांधून उभा राहिला. पुढं ओतेचना! धनेश त्याच्याकडं बघतो, तो धनेशकडं बघतो. राघोशेठ वाकून ग्लासात बघतो आणि बोलतो, "बस? दहा हजारात एवढीच येते?"

धनेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी मास्तरांनी मारल्यावर व्हायच्या तशा.

आणि तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, आपली रीत! आपल्याकडं हळदीच्या रात्री कुणी ग्लास तोंडाला लावतं का सरळ? आधी बोट बुडवून थेंब खाली सोडतात. गेलेल्यांच्या नावानं. आधी पितर, मग आपण. मला एवढं भरून आलं म्हणून सांगू! म्हटलं, ही गोरी माणसं काय वाईट नाहीत, पितरांचा वाटा आधी वेगळा काढून देतात, आणि आपलीच माणसं दगडासारखी बसलीत! तो पोरगा बिचारा खोळंबलाय!

उठले. धनेशच्या हातातून ग्लास घेतला. डोक्यावर पदर घेतला. "हेमालीच्या आज्याला," बोलले, "माझ्या सासऱ्याला," बोलले, आणि सगळी वाईन त्या सायीच्या गालिच्यावर सोडली.

तांबडी होती.

बाजूच्या टेबलावरच्या बाईचा चमचा तोंडात तसाच. धनेश बोलला, "आये… शपथ घातलेली ना!" म्हटलं, शपथ माणसांशी न बोलायची होती. मी गेलेल्यांशी बोलले. माणसांशी मी एक शब्द बोलले नाही.

विशाल बोलतो, "मॅडम, वो तो टेस्ट करने के लिए था. पसंद है क्या, पूछने के लिए." घ्या! बाटली फोडल्यावर पसंती विचारतात! आधी नाही!

पण राघोशेठ उठला. मला वाटलं, निघाला. तर तो हात जोडून बोलतो, "मावशी, रीत पाळलीत, बरा केलात. पण तुमचे झाले. आमचे?" म्हटलं, "सोड की थेंब." तर बोलतो, "थेंबावर? माझा बापूस? ढाब्याची पहिली बाटली रोज तो फोडायचा. थेंब सोडला तर आज सपनात येऊन लाथ मारील."

मग काय! विशालनं बर्फाची बादली पुढं केली, बोलला, "प्लीज, इसमें डालिए, कारपेट पे नहीं." राघोशेठनं बापाच्या नावानं भरलेला ग्लास बादलीत ओतला. मग धनेशला वाटलं, आपल्या बापाला थेंब आणि ह्याच्या बापाला ग्लास? त्यानं आमच्या ह्यांना ग्लास ओतला. मग राघोशेठचा आजा. मग आमचा आजेसासरा, ज्यानं हयातीत ताडीशिवाय काही बघितलं नाही, त्याला फ्रान्सची. कुणी मागं हटायला तयार नाही! बाटली उलटी केली, खाली आली ती फक्त हवा. दहा हजार बादलीत, आणि जित्या माणसाच्या जिभेला थेंब नाही!

आणि राघोशेठ बोलतो, "लडकूमामा राह्यला."

धनेश माझ्या कानात बोलतो, "आये, दुसरी बाटली न्हाय झेपत." आणि मोठ्यानं काय बोलावं ह्यानं? "राघोशेठ, मामाचा उद्या बघू."

उद्या! अहो, ज्या मामानं राघोला बाप जिता असताना वाढवला, शाळेत घातला, ढाब्याला जागा दिली, त्याला उद्या! राघोशेठनं मांडीवरचा रुमाल टेबलावर टाकला. "ज्या घरात माझ्या मेलेल्याला मान न्हाय," बोलतो, "त्या घरात माझ्या जित्या पोराला काय मान असणार? उठ कुणाल." कुणाल उठला नाही, पण बसलाही नाही नीट, अर्धा लटकला. आणि हेमाली… ती रडत नव्हती. रडली असती तर मला परवडलं असतं. नुसती माझ्याकडं बघत होती.

मी विशालला बोलावलं. सरळ बोलले, शपथ गेली खड्ड्यात. "बाबा, माझा पॅकेज हाय ना? कोरा पडलाय. एक ग्लास आण." आणला. बादलीवर धरला, तर ह्यानं माझा हात धरला. "मॅडम, पॅकेजवाला फेंकना अलाउड नहीं. जिसका कार्ड, उसी को पीना है."

म्हटलं, "ज्याला प्यायचाय तो वारलाय."

"उनका केबिन है, मॅडम?"

"न्हाय."

"तो पॅकेज नहीं लगेगा."

कसं समजावणार? आता तुम्हाला सांगते, मी कोण? दापोड्यातल्या बायका घेऊन हातभट्टी फोडणारी मी. हेमालीच्या आज्याच्या बाटल्या खाडीत ओतणारी मी. चाळीस वर्षं त्या माणसाशी भांडले, त्याचे उष्टे ग्लास नाक धरून धुतले, आणि मरताना त्यानं एक घोट मागितला तर चमच्यानं पेज भरवली. गावात माझ्यासमोरून जाताना प्यायलेली माणसं तोंडावर रुमाल धरतात. ती मी, आणि हातात भरलेला ग्लास.

हेमालीकडं बघितलं. म्हटलं, "राघो, कावल्यानं खाल्लेला पितरांना पोचतो का न्हाय?"

"पोचतो."

"मग माणसानं प्यायलेला का पोचू नये?" आणि लडकूमामाचं नाव घेऊन एका दमात प्यायले.

कशी लागली? कच्च्या करवंदात लोखंडाचा खिळा बुडवल्यासारखी. ह्याच्यासाठी माणसं घरं विकतात? ह्याच्यासाठी?

सगळे माझ्याकडं बघतायत, राघोशेठचं तोंड उघडं. आणि तेवढ्यात कमळा, ती गरीब गाय, बोलली! "मावशी, थांबा. बादलीतला माझ्या सासऱ्याला पोचला नसंल. बर्फ हाय त्यात, त्यांना बर्फ चालायचा न्हाय. मी पोचवते. वीस वरसां त्यांचे ग्लास मीच धुतलेत." आणि विशालकडं वळून, "आमच्या केबिनला पण तोच रूल, माझा पण पॅकेज हाय. आण."

तुम्हाला सांगते, एका कार्डावर एका वेळी एकच ग्लास, तो संपला की दुसरा, असा रूल. आम्ही रूल पाळला. तिचा सासरा, माझा सासरा, तिचा आजेसासरा, माझा आजेसासरा. सगळे पुन्हा, नीट, बर्फाशिवाय. मग आमचे हे. त्यांच्या वेळी मी जरा थांबले. मग म्हटलं, घे बाबा, चमच्यानं दिली नव्हती ना, ग्लासानं घे. विशाल पळून पळून घामाघूम. राघोशेठ काहीतरी बोलायला गेला तर कमळा बोलली, "तुम्ही बसा खाली." आणि तो बसला! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बसला असावा, खुर्ची शोधत होता.

मग तिनं टेबलावरचं फ्रान्सचं बूच उचललं. "सुपारी इथं कुठं मिळायची," बोलली, आणि ते हेमालीच्या ओटीत टाकलं. "पोरगी आमची." दहा हजारातलं आमच्या हाताला लागलं ते तेवढंच. गालिच्याचे त्यांनी वेगळे लावले. ते किती, हे धनेश अजून मला सांगत नाही.

लग्न ठरलं, सगळं छान झालं. पण बोटीवरची गोष्ट बोटीवर राहते का? बाजूच्या टेबलावरच्या बाईनं शूटिंग केलेलं. मी केबिनमध्ये जाऊन झोपायच्या आत दापोड्यात घरोघरी पोचलं. आता गावात कुठंही हळद असली की निरोप येतो, "गुणाबाय, आमच्या आज्याचा तेवढा पोचवून जा, तुमच्या हातचा बरोबर पोचतो बोलतात." मी, जिनं भट्टी फोडली! नाही म्हणायला गेले तर बायकाच रडतात, "मरताना मागत होता वो, आम्ही न्हाय दिली." नाही कसं म्हणणार? ते दुखणं मला ठाऊक आहे. आणि वाईन कोण आणतंय इथं? गावठीच देतात, स्टीलच्या पेल्यात. एवढी माणसं गेली आमच्या गावातून, एक तरी तहान भागून गेला असेल की नाही?

नाही गेला. आज दोन मांडव आहेत. चला, येते… ताटकळले असतील.