फ्रेंडचं खानदान

पाटील, मायबापांनो, आन् पदराआड तोंड करून बसलेल्या मायबहिणींनो,

मला बोलायला उभं केलंत. काहून केलंत? म्हणे, मारोती मास्तरांचा लाडका होता. व्हय, होतो. म्हणूनच मान वर होईना. शेरडं-मेंढरं हाकणारा माणूस मी, रानात माजा आवाज पार पलीकडच्या शिवारात जातो. पण असं चारचौघांत बोलायची सवय न्हाई. सांभाळून घ्या.

कासीम मास्तर गेले. तापानं गेले. त्यांनी ह्याच शाळेत आपल्याला इंग्रजी शिकवली, आपल्या लेकरांना शिकवली. आज त्यांच्या खुर्चीला झेंडूचा हार घातलाय. लई चांगलं केलं. जित्तेपणी घोटभर दूध न्हाई, आन् आता खुर्चीला हार!

रागावू नका. मी तुमाला न्हाई, मलाच बोलून राहिलो.

पाटील, तवा तुमी नुसते ज्ञानबा होता. आठवतं? ह्या निंबाखाली मास्तर आपल्याला उभं करायचे. म्हणायचे, "अरे, लब्ज बी माणसावाणी असतंय. एकटं न्हाई ऱ्हात. एक हुडका, मागनं सारं खानदान येतंय." मग एकेका पोराला एकेक शब्द. ज्ञानबा फ्रेंड. मधी उभा, पोट पुढं काढून. मी त्याच्या खांद्यावर हात ठिवला की फ्रेंडशिप. दुसऱ्या बाजूनं किसना आला की फ्रेंडली. हा किसना, जो दिसंल त्याला चावायचा! मास्तरांनी मुद्दाम त्यालाच फ्रेंडली केलं. आन् खरं सांगतो, त्याचं चावणं कमी झालं. हसा, हसा. मास्तर बी हसायचे.

पण एक शब्द कुणी घेईना. फ्रेंडलेस. ज्याला कुणी न्हाई, तो. पयल्यांदा मला दिला, तर माजी माय शाळेत भांडायला आली, "माज्या लेकराला असलं अवलक्षणी नाव देऊ नका." मास्तर म्हणले, "बराबर हाय, माय. ते मी घेतो." आन् रोज जाऊन हिरीपाशी एकटे उभे ऱ्हायचे. तिथून वरडायचे, "फ्रेंड, मी बी तुज्याच खानदानातला हाय. न्यायला ये!" ज्ञानबा पळत जायचा, हाताला धरून त्यायला वळीत आणायचा. तवाच सुट्टीची घंटा. तोवर न्हाई. भुकेनं कळवळलो तरी न्हाई.

मग औंदा राज्य बदललं. रझाकारांनी आपल्याला छळलं, ते काय खोटं न्हाई. ज्याची कडब्याची गंजी जळाली त्याला इचारा. पण कासीम मास्तरांनी कुणाचं काय जाळलं होतं? एक काडी तरी? सांगा ना. त्यांच्या दारावरनं जाताना आपण भरभर चालायला लागलो. रामराम बंद केला.

मी रोज सकाळी त्यायला शेळीचं दूध द्यायचो. एक दिवस त्यांनीच दारात थांबवलं. म्हणले, "मारोती, उद्यापून नको येऊ. लोक तुला बोलतील. तकलीफ होईल तुला." मी काय म्हणायला पायजे होतं? होऊ द्या तकलीफ! येवढंच. आन् मी काय म्हणलो? "बरं, मास्तर." लाज वाटती सांगायला. मला हलकं वाटलं होतं, बापहो. सुटलो, असं वाटलं होतं. मास्तरांनी ते वळखलं. माजी चरवी मला परत देताना तेच खाली बघून राहिले होते.

जनाजा निघाला तवा जवळा बाजारहून मास्तरांच्या घरवालीचा, आपल्या चाचीचा भाऊ आन् त्याचे सोयरे आले, तेवढेच. खांदा बदलायला माणूस न्हाई. आपण कुठं होतो? दाराआड. माजी बायको म्हणली, "जाऊन या ना." मी म्हणलो, "लोक काय म्हणतील?" ती म्हणली, "लोक म्हंजे कोण? समदे तुमच्यासारखेच दाराआड बसलेत." तरी मी उठलो न्हाई. त्यांच्यात समद्यांनी मूठ मूठ माती टाकायची असती. सारा जलम मातीत हात घालणारी माणसं आपण, आन् मास्तरासाठी मूठभर माती निघाली न्हाई आपल्याच्यानं.

आता पाटील म्हणतील, उभं ऱ्हा आन् मौन पाळा. पाटील, हात जोडतो, मौन नका सांगू. मौन आपण लई दिवस पाळलं.

तिकडं बघा. मास्तरांच्या दारात बैलगाडी उभी हाय. भाऊ न्यायला आलाय. चाची एकटी भांडी बांधून राहिली. दिवस मावळायच्या आत ती गाव सोडून जाईल. तिला जायचं असंल तर जाऊ द्या, आडवायचा हक्क आपल्याला उरला न्हाई. पण "ऱ्हा" म्हणायला गावातलं एक बी माणूस गेलं न्हाई, असं तरी नको व्हायला.

हे बघा, मी चरवी भरून आणलीय. पण मी फ्रेंडशिप. मला नुसतं शेजारी उभं ऱ्हाऊन खांद्यावर हात ठिवायचं ठावं. न्यायला जायचं काम माजं न्हाई, ते फ्रेंडचं. ज्ञानबा, ऊठ. किसना, तू बी चल. माना खाली असल्या तरी चालंल, पाय उचला.

मास्तर, सलाम. घंटा अजून झाली न्हाई.