शनिवारी निवडायचं नसतं

दीनाबाई : सोंगट्या कुठं आहेत? चिमणाबाई, कॅरमवरच्या सोंगट्या कुठं गेल्या?

चिमणाबाई : आवं, वरडताय कशापायी? ह्या काय की. काळ्या ह्या डब्यात, पांढऱ्या त्या डब्यात, राणी वाटीत. दूध घेऊन आलतो, तर तुमी आत निजला हुतासा. कॅरमवरच्या चादरीवर ही धूळ! म्हटलं तवर पुसून घ्यावं.

दीनाबाई : तू निवडल्यास?

चिमणाबाई : मग? तांदूळ निवडतो, घेवडा निवडतो. ह्या काय लई हुत्या व्हय?

दीनाबाई : आज शनिवार आहे गं.

चिमणाबाई : म्हाईत हाय. शनवारी तुमी गॅस पेटवत न्हाईसा, बटण दाबत न्हाईसा, फोन उचलत न्हाईसा. पर सोंगट्यांनी काय घोडं मारलंय? सायब हुतं तवा दर शनवारी खेळत हुतासा की दोगं. माझ्या गोठ्यापातुर ऐकू यायचं, टकाटक.

दीनाबाई : खेळायला चालतं. पैसे लावायचे नाहीत, गुण लिहायचे नाहीत, पावडर शुक्रवारीच टाकून ठेवायची. एवढं पाळलं की झालं. पण खेळ आवरताना काळ्या-पांढऱ्या वेगळ्या करून ठेवायच्या नाहीत. आम्हा ज्यूंच्यात शब्बाथला, म्हणजे शनिवारी, निवडायचं नसतं. तांदूळ नाही, भाजी नाही, आणि सोंगट्याही नाहीत. संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की मग निवडायच्या. आमचे रहमीम तर खिडकीत मान वाकडी करून बसायचे तारे मोजत.

चिमणाबाई : तुमचा देव लई बारीक बगतोय बाई. माझ्या सासूगत. पर नेम तुमास्नी, मला कुठला आलाय?

दीनाबाई : नेमाचं नाही गं. तो डाव अर्धा होता.

चिमणाबाई : कुठला डाव?

दीनाबाई : आमचा. शेवटचा. खेळता खेळता म्हणाले, 'दीना, छातीत भरल्यासारखं वाटतंय, जरा पडतो. डाव मोडू नकोस, माझी पाळी आहे.' मग तुम्ही सगळे धावत आलात, रिक्षा आणलीत, दवाखाना झाला, सगळं झालं. माणसं गेल्यावर बघते तर बोर्ड तसाच. मी चादर घातली वरून.

चिमणाबाई : आरं द्येवा! जळलं माझं हात. बाई, मला काय ठावं? मला वाटलं नुसताच पसारा हाय.

दीनाबाई : तुझी काय चूक? मी तरी कधी सांगितलं होतं?

चिमणाबाई : थांबा, थांबा. आपण मांडूया की परत. कुठली सोंगटी कुठं हुती सांगा, मी ठिवतो. राणी कुठं हुती?

दीनाबाई : राणी... मधोमध. नाही, त्यांच्या डाव्या हाताला. आणि माझ्या कोपऱ्याशी दोन पांढऱ्या... का काळ्या? थांब जरा.

चिमणाबाई : घाई न्हाय.

दीनाबाई : चिमणाबाई, मला एकही सोंगटी आठवत नाही.

चिमणाबाई : आठवंल की.

दीनाबाई : नाही आठवणार. चादर घातली ती घातली. एकदाही उचलून बघितलं नाही, भीती वाटायची. येता-जाता शेजारून जायचे आणि वाटायचं, डाव चालू आहे, त्यांची पाळी आहे. म्हणजे घरात अजून कुणीतरी आहे.

चिमणाबाई : रडू नगा. न्हायतर रडा बाई, हितं कोण बगाय बसलंय!

दीनाबाई : कुणी नाही, तेच तर. बाकीचे दिवस निघतात. परदेशातून, अश्दोदहून लेकीचा, सिम्खाचा फोन येतो, टीव्ही असतो. शनिवारी सगळंच बंद. या गल्लीत काय, सबंध गावात माझ्या ओळखीचं आमच्या लोकांचं एक घर नाही. शुक्रवारी दिवे लावते, आशीर्वाद म्हणते आणि गप्प उभी राहते. आपल्या आशीर्वादाला आपणच आमेन म्हणायचं नसतं, ते दुसऱ्यानं म्हणायचं असतं. ते म्हणायचे. आता आशीर्वाद नुसताच राहतो. फार एकटं वाटतं गं तेव्हा.

चिमणाबाई : बाई, एक इचारू? आडाणी हाय म्हणून हसू नगा.

दीनाबाई : विचार.

चिमणाबाई : निवडायचंच न्हाय, तर मग दुसरा डाव मांडत कसा हुतासा? मांडताना काळं-पांढरं बगावंच लागतंय की.

दीनाबाई : ते चालतं. लगेच खेळायचं असेल तर निवडलेलं चालतं. नंतरसाठी निवडून ठेवायचं नाही, एवढंच.

चिमणाबाई : मग झालं की! मी कुठं ठिवून द्याय निवडल्या?

दीनाबाई : मग कशाला?

चिमणाबाई : तुमी उठला की म्हणणार हुतो, बाई, मला बी शिकवा.

दीनाबाई : आत्ता? तुझी धार काढायची वेळ झाली.

चिमणाबाई : कुणाची धार काढू? म्हशी इकल्या की दिवाळीच्या आदी. विजयसिंह म्हटला, आई, आता तुज्यानं हुईत न्हाय. त्यो गेला पुण्याला परत, आन मी बसलोय मोकळ्या गोठ्याकडं बगत.

दीनाबाई : मग हे दूध?

चिमणाबाई : पिशवीचं हाय. किटलीत वतून आणतो. नुसतं कसं यायचं तुमच्या दारात? कायतरी कारण पायजे की.

दीनाबाई : मला माहीत आहे.

चिमणाबाई : काय म्हाईत हाय?

दीनाबाई : दिवाळीपासून साय धरत नाही त्याला.

चिमणाबाई : आन बोलला न्हाईसा?

दीनाबाई : बोलले असते तर तू यायची थांबली असतीस.

(नुसता सोंगट्या मांडल्याचा आवाज.)

चिमणाबाई : राणी मदी?

दीनाबाई : मधोमध. भोवती एक काळी, एक पांढरी, अशी फिरत ये. हं. आता बस तिकडं.

चिमणाबाई : सायबांच्या जागी?

दीनाबाई : मग काय भिंतीत बसणार आहेस? बस.

चिमणाबाई : मारू? ...आगं बया! ह्यो मोठा गोलच गेला की भोकात!

दीनाबाई : तो स्ट्रायकर. दंड झाला तुला. पुढं सोंगटी घेतलीस की एक परत ठेवायची. लिहायचं नाही, लक्षात ठेवायचं.

चिमणाबाई : माझ्या ध्यानात ऱ्हातंय. तुमीच लबाडी करू नगासा म्हणजे झालं.

दीनाबाई : चिमणाबाई.

चिमणाबाई : आता काय चुकलं?

दीनाबाई : पुढच्या शनिवारी किटली आणू नकोस. नुसतीच ये.