राजमतीची इंग्रजी तिसरी आणि माझं ताट

...व्हय, नेम मीच धरलावता! बस्तीत, आमच्या जैन देवळात, देवापुढं हात जोडून मीच म्हणालेवते, लेक इंग्रजी तिसरी पास होईस्तवर दिवसातनं एकदाच जेवीन, आणि तेही तिचा पाठ ऐकत ऐकत. का? तर दिवसभरात माझं बूड टेकतं ते ताटावरच! पण बायांनो, तुम्हाला सांगते, इंग्रजी इतकी घातकी भाषा असंल हे मला कुणी सांगितलंवतं?

परीक्षेला बारा दिवस. पहिल्याच दिवशी भाकरी मोडली, आणि राजमती वही उघडून सुरू, "मीट म्हणजे भेटणे. मीट म्हणजे मांस."

संपलं! आम्हा जैनांत नेमाच्या माणसाच्या कानी जेवताना हिंसेचा, मरणाचा शब्द पडला की अंतराय. घास खाली, त्या दिवसाचं जेवण तिथंच खलास. (आत्ता बोलतेय, कारण आत्ता जेवत न्हाय.) ताट बाजूला!

म्हटलं, "दोन्हीला एकच गं?" तर म्हणते, "न्हाय आई, एकात दोन ई, दुसऱ्यात ई आणि ए." म्हणजे समोरच्याला भेटायचं का खायचं, ते एका अक्षरावर? ह्यो काय शहाण्यांचा कारभार?

दुसऱ्या दिवशी पोटात आग. "डाय म्हणजे रंगवणे..." बरं वाटलं! वडगावची नागुबाई सूत रंगवती, ती आठवली, आमटीत भाकरी कुस्करली... "डाय म्हणजे मरणे." ताट बाजूला! नागुबाईनं इंग्रजीतनं सूत रंगवायला काढलं तर आम्ही काय सुतक धरायचं?

तिसऱ्या दिवशी "डियर म्हणजे प्रिय. डियर म्हणजे हरण." हरण! जितं, पळतं, गवत खातं! मी हरखून घास उचलला, तर परशराम मास्तरांनी वाक्यात उपयोग करून दिलावता, "शिकाऱ्याने..." पुढचं ऐकलंच न्हाय. ताट बाजूला!

पाचव्या दिवशी चुलीपाशी भोवळ आली. राजमतीचे आप्पा तंबाखूच्या वखारीतनं पळत आले, ताकाचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लई वाळलीयास. बास झालं इंग्रजी! उद्यापासनं शाळा बंद. चिकोडीचं स्थळ आलंय, होकार कळवतो."

असा संताप आला म्हणून सांगू! "माझ्या उपासाच्या आडनं पोरीची शाळा बुडवता व्हय? उपाशी मरीन, पण..."

मरीन! माझ्याच तोंडानं! एकच घोट झालावता. ताकबी बाजूला!

राजमती रडायलाच लागली. "आई, मी अर्थ म्हणतच न्हाय. नुसतं इंग्रजी म्हणते. तुला कुठं कळतंय?"

पोरगी हुशार! कळलंच न्हाय तर अंतराय कसला? सहाव्या दिवशी ऐटीत पाटावर बसले. "मीट, मीट. डाय, डाय." मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. आक्का, सगळं कळत होतं हो! पाच दिवसांत बसल्या जागी शिकले की मी! ताट बाजूला!

पुढं कधी दोन घास, कधी चार. पण पास झाली माझी लेक, वर्गात दुसरी! चिकोडीकरांना आप्पांनी स्वतःच नकार कळवला. माझ्या लुगड्याला आता कमरेभोवती एक वेढा जास्त बसतो, एवढंच.

पदर पसरून सांगते बायांनो, तुम्हीबी आपापल्या लेकींसाठी धरा असा नेम. फक्त देवापुढं हात जोडताना जेवणाचं नाव काढू नका.